परकं पोर

मुरारमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यात श्रुती नंबराची वाट पाहत होती. मांडीवर दीड वर्षांचा निनाद चुळबुळत होता. समोरच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बहिणींच्या गप्पा चांगल्याच तापल्या होत्या.

“परत कॅनडाला जाणार नाहीस म्हणे, वनमाला?”

“पाऊलसुद्धा नाही ठेवणार, ताई! बाहेर बर्फ, म्हणून रोज नातवंडांना घेऊन मॉलमध्ये बसायचं. एक दिवस तिथे कुणाचं तरी पोर धाडकन पडलं, ओठ फुटला. मी उचललं, पदराने तोंड पुसलं.”

“मग? बरोबरच केलंस.”

“त्याची आई किंचाळत आली. गार्डला बोलावलं!”

“हद्द झाली! तुझा अंबरीश नव्हता सोबत?”

“होता ना! त्यांना सांगतो, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, माफ करा.”

“सख्ख्या आईला वेडी ठरवलं?”

“वर मला म्हणतो, प्रकरण मिटवायला बोललो, बस! त्या बाईचा राग नाही गं मला, तिचं लेकरू होतं. पण याने बोलावं? तीन वर्षांचा असताना महाराज बाड्यावरच्या बाजारात हरवला होता. एक अनोळखी बाई याला दोन तास कडेवर घेऊन उभी होती. मी पाया पडले होते तिच्या!”

तेवढ्यात निनाद मांडीवरून निसटला, वनमालाबाईंच्या पायाशी आपटला आणि त्याने भोकाड पसरलं.

त्या झटकन वाकल्या. हात मात्र अधांतरीच थांबले.

“आधी तू सांग गं,” त्या श्रुतीला म्हणाल्या, “उचलू का याला?”