खांदेमळणीला पिचर जुंपायचा का?

अरे, मोबाइलवरच्या आमच्या ऑनलाइन बेसबॉल गेमची फायनल. चेंडू फेकणारे दोन पिचर आधीच जखमी, अन् ऐन टायमाला तिसऱ्यापुढं लाल खूण आली: खांदा दुखावला. खेळवला तर पुरा सीझन गेला. फोनवर माझा पार्टनर, अंबडचा संतोष, ओरडून राह्यला, "टाक त्यालाच, जल्दी!"

मी गोठ्यात. उद्या पोळा, आज खांदेमळणी; बैलांना आज जू नाही, म्हणून बाबा त्यांच्या खांद्याला हळद-तूप चोळून राह्यले.

"काय झालं?"

"बाबा, चेंडू फेकणाऱ्याचा खांदा दुखावलाय, अन् मॅच सुरू व्हायलीय."

"मंग आजच्या दिवशी जुंपतो का कोणी?"

बटनावरचं बोट काढलं. नवखा उतरवला. हारलो.

संतोष पिसाळला, "कोणी सांगितलं त्याला बसवायला?"

बाबांनी तुपट हातानंच फोन घेतला. "मी सांगितलं. तुला लई घाई हाय ना? मंग तू ये, अन् तू फेक."