टेकलेला पाय

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी प्रिंटर घेऊन रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या काकूंनी कॉम्प्युटरचा जड डबा काउंटरवर ठेवला.

"पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. मधूनच एखाद्या दिवशी मात्र सरळ सुरू होतो. ह्यांनी नातीसाठी लिहिलेल्या गोष्टी आहेत हो यात."

"शेवटचा कधी सुरू झाला?" दुरुस्ती करणाऱ्यानं विचारलं.

"मंगळवारी."

"मंगळवारी काय केलं होतंत?"

"काही नाही, फडक्यानं पुसला."

"जोर लावून?"

"डाग होता, मग जोर लावणारच ना!"

"हं. काका बसतात तेव्हा सुरू होतो?"

"बसायचे तेव्हा रोज व्हायचा, एक दिवस खाडा नाही. ते गेले आणि यानं नखरे सुरू केले."

"इथे बघा काकू, बाजूच्या पत्र्याचा रंग उडालाय. काका गुडघा टेकवायचे का?"

"पाय! डबा टेबलाखाली असायचा, चप्पल काढून त्याला अख्खा तळवा टेकवायचे. तुम्हाला कसं कळलं?"

"हा बघा, पत्रा उघडला. आत रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी सैल आहे. त्यांच्या पायाच्या दाबानं ती जागेवर बसायची."

"अगं बाई! अकरा वर्षं मी ओरडत होते, पाय काढा म्हणून."

"त्यांनी काढला नाही, म्हणून तर चालला. हं, पुसून घट्ट बसवली पट्टी. बघा, आमचा पडदा जोडला, उजळला! आता कोणी पाय टेकला काय, न टेकला काय."

"थांबा. एकदाच ती पूर्वीसारखी सैल करा आणि डबा खाली ठेवा. मला चप्पल काढू दे."