बघून हसणं

लातुरात कानाच्या दवाखान्यात दामिनी नंबर लावून बसली होती. समोरच्या बाकावर औशाहून आलेले माणिकप्पा आणि त्यांची बायको शिवकांता. म्हाताऱ्याला ऐकू कमी, त्यामुळं दोघांचं घरातलं बोलणं अख्ख्या दवाखान्याला ऐकावं लागत होतं. दामिनीनं तर गाणं बंद करून इअरफोन पर्समध्येच टाकले.

“मशीन कशाला? टीव्हीवरली कॉमेडी समदी कळती की मला.”

“कळती म्हणं! माझ्याकडं बघून हसताव तुम्ही.”

“न्हाई!”

“काल मी मुद्दाम बातम्याला हसले. तुम्ही पोट धरून हसलाव. गारपिटीची बातमी व्हती!”

“आता गं!”

“आन पहिले, कान धड व्हते तवा? कॅसेटातला जोक यायच्या आधीच एवढ्या मोठ्यानं हसायचाव, की गल्लीत कुणाला जोक ऐकूच आला न्हाई.”

“बरं, बसवू मशीन. पर मला एकच ऐकायचंय.”

“काय?”

“भाकरी थापताना तू गुणगुणतीस ते. चार वर्षं झाली, नुसते व्हट हलताना दिसतेत.”

“आगं बया! हे तुम्हाला माहीत व्हतं?”

“लगीन झाल्यापासून.”

“मग कधी बोललाव न्हाई ते?”

“बोललो असतो तर लाजून बंद केलं असतंस.”

आतून नर्सनं माणिकप्पांचं नाव पुकारलं. त्यांना ते ऐकूच गेलं नाही. शिवकांतानं दंडाला धरून उठवलं.

“चला. आन उद्या मी भाकरी थापताना पाठ फिरवून बसा. बघायचं न्हाई, नुसतं ऐकायचं.”