काकांनी हौद तपासला

आणि वर मलाच विचारतात, "झाकण नीट बसतं ना?" हौदाचं झाकण हो. ज्या हौदात आम्ही मृतदेह ठेवतो, त्या हौदाचं. आता आत गेलेल्या माणसाला झाकणाचं काय पडलंय? पण हे माझे काका. आयुष्यभर लोकांची गोदामं तपासली, रिटायर झाले तरी नजर काही गेली नाही. घरी दूध आलं की आधी वास, मग चव, मग काकूकडे बघणं. "विश्वास आहे गं, फक्त खात्री करतोय."

तुम्हाला सांगते, मी मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवते. देहांची इतकी चणचण, की एका टेबलाभोवती ही गर्दी, मागच्या मुलांना दिसतात फक्त पुढच्यांच्या पाठी. उद्या हीच मुलं तुमच्या पोटावर सुरी चालवणार... बघा बुवा. हे मी जेवताना सहज बोलले, तर काका म्हणाले, "माझा देह घ्या." मी खूश. तोवर पुढचं वाक्य आलंच, "आधी जागा बघतो."

जागा? फ्लॅट घ्यायचाय का?

आले. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅटरी. फॉर्मलिनच्या वासाने डोळ्यांतून धारा लागल्यात, तरी कोपरे तपासतायत. "मीठ घालता का?" म्हटलं, काका, लोणचं नाही घालत, मांडीच्या धमनीतून औषध भरतो, ते रक्ताच्याच वाटेने बोटांच्या टोकापर्यंत जातं, मग देह वर्षानुवर्षं टिकतो. "औषधात भेसळ नाही कशावरून?" विश्वास आहे, फक्त खात्री करतायत. मग म्हणे, "आधी आलेला आधी बाहेर काढता, की जो वर असेल तो? नाहीतर मी तळाशी पडून राहायचो आणि कालचा आलेला पुढे जायचा." इथे मी हौदाचं झाकणच लावून टाकलं... कारण आम्ही खरंच वरचाच काढतो.

तेवढ्यात आमचे विभागप्रमुख आले. हात जोडून म्हणतात, "काका, तुम्ही अगदी निर्धास्त या, आम्ही वाटच बघतोय." असं कोणी बोलतं का? काकांनी मला बाजूला ओढलं. "हा माणूस फार गोड बोलतो. काहीतरी लपवतोय."

शेवटी विच्छेदनाच्या हॉलपाशी नेलं. आत मुलं टेबलावर वाकलेली. काकांनी बॅटरी बंद केली. हळूच विचारलं, "हसतात का गं ही?"

"पहिल्या दिवशी हसतात, घाबरून. नंतर नाही."

"बरं. मग देतो. पण औषध तू भरायचंस. त्या गोडबोल्याने हात लावायचा नाही."

मी हो म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं ते फॉर्मलिनने, उगाच भलतं काही समजू नका.

आणि तिथेच फसले. कारण पुढच्याच आठवड्यात मला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं, मोठा हुद्दा, चकचकीत प्रयोगशाळा. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "जा की. मी कुठे अडवतोय? फक्त शब्द दिला होतास ना, त्याची खात्री करतोय." आता जाऊन दाखवा तुम्ही.

नाही गेले. आणि काका? तंबाखू सोडली, साखर सोडली, पहाटे उठून चालायला जातात. का, तर माल पोचताना चांगल्या स्थितीत हवा. परवा तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले हृदय अगदी तरण्या पोराचं आहे. या हिशेबाने काका हौदात उतरायच्या आधी मीच रिटायर होणार.