सतरा सप्टेंबरची भारतमाता

दयानंद सर : मॅडम, हेडमास्तरांकडं तुमची तक्रार मीच केली. उगं दुसऱ्या कुणावर संशय घेऊ नका.

पुनम मॅडम : माहीत आहे सर. अक्षर तुमचंच होतं. पण माझ्या खेळात चूक काय, तेवढं सांगा.

दयानंद सर : या जळकोटात मुक्तिदिनाचं नाटक बारा वर्षं झाली मी बसवत आलोय. रझाकार, सत्याग्रही, झेंडा, सगळं माझ्या शिट्टीवर. एक पोरगं चुकत न्हाई. तुम्ही जूनमधी नांदेडहून आलात, अन् पाठांतर न्हाई, तालीम न्हाई, आठवीच्या वर्गात थेट निजामाचं राज्य लावलं.

पुनम मॅडम : चारच दिवस. दोघांना बोलायचं असेल तर आधी माझ्या परवानगीची चिठ्ठी. गाणं म्हणायलाही चिठ्ठी. सभेला बंदी होती म्हणजे काय, हे मुलांना वाचून कळेना.

दयानंद सर : अन् ती चिठ्ठी माझ्याच लेकीनं, राजकन्यानं, टराटरा फाडली.

पुनम मॅडम : तिसऱ्या दिवशी. तुम्ही होतात तिथे?

दयानंद सर : खिडकीपाशी. घरी माझ्यापुढं मान वर करत न्हाई ती पोरगी. तिथं म्हनली, मैत्रिणीशी बोलायला मी कुणाला विचारणार न्हाई. सगळा वर्ग तिच्यामागं उठला. माझ्या नाटकात असं कुणी कधी उठलं न्हाई, मॅडम. लई जळलो मी. लपवत न्हाई.

पुनम मॅडम : म्हणून तक्रार.

दयानंद सर : हाव. आता एकच मागणं हाय. सतरा तारखेला तिला माझ्या नाटकात सोडा. चार वर्षं भारतमाता तीच हाय.

पुनम मॅडम : तिला विचारलंत?

दयानंद सर : सकाळी विचारलं. म्हनली, बाबा, भारतमातेला एक तरी वाक्य द्या, मग येते.

पुनम मॅडम : चार वर्षांत एकही वाक्य नव्हतं?

दयानंद सर : झेंडा धरून उभं राहायचं. त्यात बोलायचं काय? मधल्या सुट्टीत वही घेऊन बसलो. काही सुचंना.

पुनम मॅडम : तिने ते वाक्य लिहिलंय, सर. कालच.

दयानंद सर : तुम्हाला दाखवलं असंल.

पुनम मॅडम : मागितलं होतं. नाही म्हणाली. त्या दिवशीच ऐका म्हणाली.

दयानंद सर : तुम्हालाबी न्हाई दाखवलं? मग बोलू द्या तिला माझ्या नाटकात.