पेटीवर श्रीहरी

चैतू : कुठी आहे मंग या पुस्तकात आमची नावं? बोट ठेव त्याच्यावर.

प्रणित : मामा, चहा घ्या ना पह्यले. थंडा होऊन राह्यला.

चैतू : चहा जाऊ दे चुलीत! मले वाचता येत नाई, म्हनून तुले म्हनतो. चैतू अन् श्रीहरी, दोन्ही नावं एकापाशी एक. तसंच ठरलं होतं ना?

प्रणित : मी तसंच लिहून पाठवलं होतं. पुण्याच्या त्या संस्थेच्या लोकांनी पुस्तक छापताना 'एक खेडूत नट आणि त्याचा साथीदार' केलं.

चैतू : काऊन?

प्रणित : म्हणाले, असं प्रेम जाहीर झालं तर गावात तुम्हाले त्रास होईल.

चैतू : तरास? सारी जिंदगी दंडारीत लुगडं नेसून नाचलो मी. माइकवर आमची नावं घेत, 'रानीच्या पार्टात चैतू, पेटीवर श्रीहरी.' साऱ्या झाडीपट्टीले मालूम आहे. मले इचारलं काय त्याहीनं?

प्रणित : मलेबी नाई विचारलं.

चैतू : तुह्यं नाव तं आहे ना बाबू?

प्रणित : आभारात. शेवटच्या पानावर.

चैतू : अन् तू लिहिलं होतं ते? तो पाटलाच्या घरचा, मी बौद्धवाड्यातला, अशा पिरमाले जात कशी दुप्पट मारते ते? तू वाचून दाखवलं तं मी रडलो होतो रे.

प्रणित : ते संस्थेच्या बाईंच्या लेखात गेलं. त्यांच्या नावावर. मले म्हणाल्या, 'सिद्धांत आम्ही मांडतो, तुम्ही अनुभव लिहा. तुमचा अनुभव फार अस्सल असतो.'

चैतू : म्हंजे आपन रडाचं, अन् त्याचा अर्थ त्याहीनं सांगाचा?

प्रणित : मामा, त्यांच्याच बैठकीत मी पहिल्यांदा बोललो होतो, मले पोरं आवडते म्हणून. वाटलं होतं, घर भेटलं.

चैतू : नोको रडू. नोको बाप्पा.

प्रणित : आता काय करता मामा या पुस्तकाचं?

चैतू : श्रीहरीच्या मयतीत त्याच्या भावानं मले खांदा देऊ देल्ला नाई. 'तू कोन त्याचा?' म्हने. मी बाजूले सरलो. आता पुस्तकात आमची नावं संगं छापून आली असं वाटलं, म्हनून त्याले निरोप धाडला. उद्या येते तो पाहाले.

प्रणित : मी येतो ना तुमच्यासंग. मी सांगतो त्याले सारं.

चैतू : तू नोको येऊ. त्या दिवशीबी एकटाच उभा होतो मी.