नववा धडा

म्झुझू शहरातल्या अभ्यासकेंद्रात संगणकासाठी रांग लागली होती. माझ्या पुढच्या म्हातारीनं तिच्या पुढच्या मुलीसमोर कोरा कागद धरला.

"पोरी, एक अर्ज लिहून दे. मला नीट दिसत नाही."

"कसला अर्ज, आजी?"

"म्सिस्का सरांच्या नवव्या धड्याला हात लावू नका म्हणून."

"गणिताचे सर? त्यांच्यामुळं तर मी पास झाले! देव त्यांना शांती देवो. पण त्यांचे रेकॉर्ड केलेले धडे कुठं जात नाहीत हो, क्लाउडवर ठेवलेत. इथला संगणक जळाला तेव्हासुद्धा एक शब्द गेला नाही."

"जात नाहीत, पण केंद्रवाले साफ करताहेत. मधले आवाज काढणार म्हणे. धूळ बसलीय का त्यावर?"

"चांगलंच आहे की. नवव्यात सर मध्येच बायकोला हाक मारतात. 'एनेसी, चहा तिथंच ठेव!' आम्ही काय हसायचो!"

"हसा की. पण ते काढू नका म्हणावं."

"का हो?"

"ते गेल्यापासून घरीदारी सगळे मला वोंगानीची आईच म्हणतात."

मुलीनं पेन काढलं.

"खाली नाव कोणतं घालू?"

"सर हाक मारतात ना, तेच घाल."